परराष्ट्र धोरणाचा लघुप्रबंध मुंबईत बसून कसा करायचा?

विचारणारा विद्यार्थी डोंबिवलीचा आहे. राज्यशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून. लघुप्रबंधाचा विषय त्यानं ठरवलाय: ‘भारत-चीन संबंध: एक चिकित्सक अभ्यास’. त्याला तीन गोष्टी हव्यात. सुरुवात कुठून करू, इंग्रजी कच्चं आहे तर निभेल का, आणि दिल्लीला गेल्याशिवाय या विषयात खरं संशोधन होतं का.

आधी विषयाचं बोलू, कारण तो सुटला की बाकीचे दोन प्रश्न निम्मे सुटतात. तुम्ही लिहिलंय तो विषय नाही, ग्रंथालयातलं कपाट आहे. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शब्द मी आजवर इतक्या सिनॉप्सिसवर वाचलेत की आता ते दिसले की पुढचं न वाचताही सांगता येतं: पहिलं प्रकरण प्राचीन काळातले संबंध, त्यात फाहियान आणि ह्युएन त्संग, दुसरं पंचशील, तिसरं 1962, चौथं सीमावाद, पाचवं व्यापार, शेवटी ‘दोन्ही देशांनी संवादातून मार्ग काढावा’. असा प्रबंध पास होतो, पण त्यात तुम्ही शोधून काढलेलं काहीच नसतं.

प्रश्न एका ओळीत मावला पाहिजे, आणि त्याचं उत्तर ‘असं नाही’ निघण्याची शक्यता हवी. तुमच्याच विषयातला एक नमुना दाखवतो. भारत आणि चीन यांच्या अनेक शिखर भेटींनंतर संयुक्त निवेदनं निघाली आहेत. ही निवेदनं परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, फुकट आहेत, आणि एकेक निवेदन फार तर पाच-सात पानांचं असतं. 2003 साली वाजपेयींच्या चीन दौऱ्यात जो जाहीरनामा निघाला त्यात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा भाग असल्याचं भारतानं मान्य केलं. 2005च्या निवेदनात ‘एक चीन’चा, म्हणजे तैवान धरून चीन एकच आहे या भूमिकेचा, उल्लेख आहे. जानेवारी 2008 मध्ये मनमोहन सिंग बीजिंगला गेले तेव्हाच्या दस्तऐवजातही आहे. डिसेंबर 2010 मध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वन ज्याबाओ दिल्लीला आले आणि जे निवेदन निघालं त्यात तो उल्लेख नाही. नंतरच्या निवेदनांतही तो परत आला नाही.

ही निवेदनं छापून घ्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा. कुठलं वाक्य जसंच्या तसं पुढे आलं, कुठलं थोडं बदललं, कुठलं गळलं, ते समासात लिहीत जा. मी हे वर्गात करून घेतो तेव्हा पहिला अर्धा तास मुलं कंटाळतात. मग कुणाला तरी 2008 आणि 2010 मधला फरक दिसतो आणि वर्ग जागा होतो.

पण इथंच बहुतेक जण घसरतात. उल्लेख गळला हे कागदावर दिसतं. तो का गळला हे त्या कागदावर नसतं. त्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना चीन वेगळ्या कागदावर, स्टेपल केलेला व्हिसा देत होता, म्हणजे काश्मीर भारताचं आहे हेच मानायला तयार नसल्याचं सुचवत होता, आणि 2010 मध्येच भारतीय लष्कराच्या उत्तर विभागाच्या प्रमुखांना व्हिसा नाकारल्याचं प्रकरण झालं होतं. म्हणून भारतानं ‘एक चीन’ म्हणणं थांबवलं, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. पटण्यासारखंही आहे. तरी ते स्पष्टीकरण आहे, पुरावा नव्हे. त्यासाठी त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या नंतरच्या मुलाखती, आठवणी, संसदेतली उत्तरं शोधावी लागतील. ‘काय झालं’ आणि ‘का झालं’ ही प्रकरणं वेगळी ठेवलीत तर अर्धं काम झालं. ‘का’चं उत्तर पूर्ण मिळालं नाही तर तसं लिहा. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत, उलट मान डोलावतात.

असे छोटे प्रश्न बरेच आहेत. 27 ऑक्टोबर 2023 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझावरच्या ठरावावर भारतानं मतदान टाळलं. दीड महिन्यानं, 12 डिसेंबरला, युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं. दोन ठरावांची भाषा आणि भारताच्या प्रतिनिधीनं दोन्ही वेळा दिलेलं स्पष्टीकरण एवढ्यावर चाळीस पानं सहज निघतात.

आता इंग्रजी. खोटा धीर देत नाही: वाचावं लागेलच. पण राजनैतिक इंग्रजी कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा सोपं असतं, कारण तेच तेच दोन-तीनशे शब्द फिरत राहतात. त्यांची उतरंड एकदा समजली की झालं. एखाद्या घटनेची नुसती ‘नोंद घेणं’, त्यावर ‘चिंता’ व्यक्त करणं, ‘तीव्र चिंता’ व्यक्त करणं, ‘खेद’ आणि शेवटी ‘निषेध’, या एकेका पायरीवर अधिकारी तासन् तास घालवतात. वहीचं एक पान या शब्दांसाठी ठेवा आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या निवेदनात भेटला ते लिहा.

उलट मराठीतच एक खड्डा आहे, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. अलिप्ततावादी देश, युद्धात कुणाचीच बाजू न घेणारा देश आणि ठरावावर मत न देणारा देश, या तिघांसाठी आपण बिनदिक्कत ‘तटस्थ’ लिहितो. नेहरू आयुष्यभर सांगत राहिले की अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे. 2 मार्च 2022 ला युक्रेनवरच्या ठरावाच्या बाजूनं 141 मतं पडली, विरोधात 5, आणि 35 देशांनी मत दिलं नाही. त्या 35 मध्ये भारत होता. त्या 35 मध्ये चीनही होता. दोघांनाही एकच ‘तटस्थ’ शब्द लावून मोकळे झालात तर दोघांची कारणं निरनिराळी होती हे वाक्यातून पुसलं जातं. तेव्हा मराठीत लिहिताना हे तीन शब्द वेगळे ठेवा: अलिप्त, तटस्थ, मतदान टाळणारा. प्रबंध इंग्रजीत लिहिणार असाल तरी विचार करताना ठेवा.

मराठी येणं हे या विषयात भांडवल कसं होतं, यासाठी दुसरं उदाहरण देतो. ते माझ्या जास्त जवळचं आहे.

दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना आपापल्या कोठडीतल्या दुसऱ्या देशाच्या कैद्यांच्या याद्या देतात. 21 मे 2008 च्या वाणिज्यदूत संपर्क करारानुसार (कैद्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटता यावं यासाठीचा करार) हे चालतं, आणि संबंध कितीही ताणले तरी सहसा चुकत नाही. त्या दिवशी मंत्रालयाचं एक छोटं प्रसिद्धीपत्रक निघतं. त्यात नागरी कैदी वेगळे आणि मच्छीमार वेगळे दिलेले असतात. पाकिस्तानच्या यादीतल्या भारतीय मच्छीमारांचे आकडे असे: जानेवारी 2023 ला 654, जुलै 2023 ला 266, जानेवारी 2024 ला 184, जुलै 2024 ला 211, जानेवारी 2025 ला 217.

हे पाच आकडे घेऊन एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, 2023 मध्ये संबंध सुधारले. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, आकडा उतरलाय ना. आकडा उतरला हे खरंच, कारण 2023 च्या मे-जूनमध्ये पाकिस्ताननं मच्छीमारांच्या दोन मोठ्या तुकड्या सोडल्या. पण यादी म्हणजे त्या दिवशीची शिल्लक. पासबुकात नुसती शिल्लक छापून आली, जमा आणि खर्चाचे रकाने कोरे राहिले, तर महिन्यात काय घडलं ते कळेल का? सहा महिन्यांत किती पकडले आणि किती सोडले हे दोन रकाने तुम्हाला स्वतः भरावे लागतात: सुटकेच्या बातम्यांवरून, लोकसभा-राज्यसभेतल्या अतारांकित प्रश्नांच्या लेखी उत्तरांवरून. ही उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि परराष्ट्र धोरणाच्या विद्यार्थ्यासाठी त्याहून स्वस्त सोन्याची खाण मला माहीत नाही. मंत्री भाषणात काहीही बोलतील. सभागृहाच्या पटलावर ठेवलेलं लेखी उत्तर खात्यानं तोलून मापून दिलेलं असतं.

मग कायदा. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम 73 सांगतं की अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचं पाणी, जिथल्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो) मासेमारीचे नियम मोडले म्हणून परदेशी मच्छीमाराला तुरुंगवास देता येत नाही, दोन देशांनी आपसांत तसं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. भारतानं हा करार 1995 मध्ये स्वीकारला, पाकिस्ताननं 1997 मध्ये. तरी माणसं तुरुंगात आहेत, दोन्हीकडच्या. का? एक कारण असं की ते कलम किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आतल्या पाण्याला लागू नाही. आणि कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीपाशी हद्दच ठरलेली नाही, त्यामुळे बोट नेमकी कुणाच्या पाण्यात होती हाच वाद. इथपर्यंत आलात की तुमच्या हातात आंतरराष्ट्रीय कायदा, सीमावाद आणि दोन राज्यसंस्थांचा रोजचा व्यवहार असं सगळं एका लहान प्रश्नात आलेलं असतं.

आणि या यादीतली सगळी माणसं गुजरातची नसतात. बोटी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या. पण त्यांवर खलाशी म्हणून जाणारे कित्येक जण आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे, बरेचसे आदिवासी. हंगामाचा करार करून जातात. डहाणूची लोकल सकाळी पकडलीत तर दुपारच्या आत तिथल्या एखाद्या गावात असाल. दिल्लीतल्या संशोधकाला तिथं दुभाषा लागेल, तुम्हाला लागणार नाही. वारली बोली पहिल्या दिवशी जड जाईल, तिसऱ्या दिवशी कान सरावतो.

तिथं जाताना मात्र सांभाळून. नवरा कराचीच्या तुरुंगात असलेल्या बाईकडे याआधी चार पत्रकार येऊन गेलेले असतात आणि प्रत्येकानं फोटो काढून नेलेला असतो. आधी गावातल्या कुणा ओळखीच्या माणसाला, शिक्षकाला किंवा मच्छीमार संस्थेच्या कार्यकर्त्याला भेटा. पहिल्या भेटीत वही काढू नका. ‘तुमचा माणूस सुटेल’ असं चुकूनही सूचित करू नका. नावं प्रबंधात घालू नका, गावाचं नावही शक्यतो टाळा. आणि काय विचारायचं? ‘सरकारच्या धोरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं’ हे विचारून काहीही हाती लागत नाही. पत्र कधी आलं, कुणी वाचून दाखवलं, बोटमालकानं पैसे दिले का, कागदपत्रं मागायला कोण आलं, भारतीय असल्याची खातरजमा करायला पोलीस किती दिवसांनी घरी आले, हे विचारा. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाल्याशिवाय माणूस सुटत नाही, आणि परराष्ट्र धोरणाची ती बाजू फक्त त्या ओसरीवर दिसते.

आकड्यांबद्दल माझ्याच फजितीची एक गोष्ट सांगतो. एम.फिल.ला मी भारत-इराण व्यापाराचं कोष्टक केलं होतं. काही वर्षांचे आकडे आपल्या वाणिज्य मंत्रालयाचे, जिथं मिळाले नाहीत तिथं आंतरराष्ट्रीय संस्थेचे. आलेख छान झाला, मधेच एक मोठी उडी. त्या उडीवर मी चार पानं लिहिली, राजकीय कारणांसकट. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘तुमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं की जानेवारीला?’ आपले आकडे आर्थिक वर्षाचे, त्यांचे कॅलेंडर वर्षाचे. उडीतला मोठा भाग तिथूनच आला होता. चार पानं पाण्यात.

तेव्हा व्यापाराच्या आकड्यांत दोन गोष्टी सांभाळा. वर्ष एकच ठेवा आणि स्रोत एकच ठेवा. भारतानं चीनला केलेली निर्यात आणि चीननं भारताकडून केलेली आयात हे आकडे कधीच जुळत नाहीत. निर्यात मोजताना जहाजावर चढलेल्या मालाची किंमत धरतात, आयात मोजताना भाडं आणि विमाही त्यात येतो. शिवाय हाँगकाँगमार्गे गेलेला माल कोण कुणाच्या नावावर लिहील हे निराळंच. तफावत दिसली की ‘लपवाछपवी’ म्हणून ओरडू नका.

तुमचा तिसरा प्रश्न, दिल्ली. दिल्लीत मंत्रालय आहे, दूतावास आहेत, मोठ्या संस्था आहेत, हे खरंय. पण ‘मुंबईत काय आहे’ असं विचारण्याआधी एक लक्षात घ्या. एडनचा कारभार 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई इलाख्याखाली होता, आणि इराणच्या आखातातली ब्रिटिश रेसिडेन्सी (तिथलं राजकारण पाहणारी ब्रिटिशांची कचेरी) 1873 पर्यंत मुंबई सरकारला उत्तर देत होती. म्हणजे एके काळी आखाताचं परराष्ट्र धोरण फोर्टातून चालायचं. त्या काळाची दप्तरं काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. मोडी येत असेल तर आणखीच बरं. पाच मिनिटांवर टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तुमचा चीनचाच हट्ट असेल तर एक सुचवतो: 1976 मध्ये भारत आणि चीन यांनी पंधराएक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा राजदूत नेमले, आपल्याकडून के. आर. नारायणन गेले, आणि तेव्हा परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्या निर्णयाकडे मराठी वृत्तपत्रांनी कसं पाहिलं हा मराठी वाचणाऱ्यानंच करायचा विषय आहे.

आजच्या मुंबईचं म्हणाल तर बीकेसीत हिरे बाजार आहे. जी-7 देशांनी 1 जानेवारी 2024 पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली ती तिथल्या टेबलांवर कशी उतरली, हा परराष्ट्र धोरणाचाच प्रश्न आहे. इराणमधलं चाबहार बंदर चालवण्यासाठी भारतानं जी कंपनी काढली तिच्या स्थापनेत न्हावा शेव्याच्या बंदराचा वाटा होता. इराणशी दहा वर्षांचा करार मे 2024 मध्ये झाला. गेटवे हाऊस ही परराष्ट्र धोरणाची अभ्याससंस्था मुंबईतच आहे. तिथल्या खुल्या व्याख्यानांना जा, पण व्याख्यात्याला पकडून ‘सर, भारत-चीन संबंधांचं भवितव्य काय’ असं विचारू नका. एक नेमका प्रश्न घेऊन जा. निवृत्त राजदूत नेमक्या प्रश्नाला फार मोकळेपणानं उत्तर देतात, आणि मोघम प्रश्नाला फार मोकळेपणानं मोघम.

अशा अभ्याससंस्थांचे (थिंक टँकचे) लेख वाचा, पण ते मत आहे हे विसरू नका. लेखकानं ज्या कागदाचा दाखला दिलाय तो कागद स्वतः उघडा. चॅटबॉटनं दिलेल्या संदर्भाबाबत तर हे दसपटीनं. मागच्या वर्षी एका मुलीच्या संदर्भयादीतले तीन लेख जगात कुणीच लिहिलेले नव्हते. बिचारीनं ते वाचल्याचंही सांगितलं.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा मोह होईल. दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. पण त्यात ‘का’ विचारू नका. कायदा अस्तित्वात असलेली नोंद मागायचा हक्क देतो, खुलासा मागायचा नाही. परदेशाशी संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम 8(1)(क) खाली नाकारता येते, आणि या विषयात ते कलम सतत आडवं येतं. ‘अमुक तारखांदरम्यान कोणत्या बैठका झाल्या त्यांची यादी द्या’ असा रूक्ष अर्ज कधी कधी कामी येतो.

सिद्धांताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गाइड विचारतील. एकच घ्या. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद यांची प्रत्येकी दहा पानं आणि पुढच्या प्रकरणांत एकाचाही पत्ता नाही, ही मिसळ करू नका. शब्द गळण्याचा अभ्यास करणार असाल तर रचनावाद कामाला येईल, कारण देशांचे संबंध शब्दांतून आणि कल्पनांतून घडतात असं तो मानतो. आणि कौटिल्याचं मंडल (शेजारी तो शत्रू, त्याचा शेजारी तो मित्र) खरोखर लागत असेल तरच आणा.

दिल्लीला जा, पण शेवटी जा, एकदाच आणि आठवड्यासाठी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या धारिकांची (फायलींची) यादी शोधता येते, काही धारिका तिथंच वाचता येतात. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार पंचवीस वर्षांहून जुने कागद तिकडे जायचे असतात. सगळे जातात असं नाही. म्हणून 1976 वर काम कराल तर दिल्लीत काही हाती लागेल, 2010 वर कराल तर तिकिटाचे पैसे वाचवा. जाण्याआधी धारिका क्रमांक कागदावर लिहून ठेवा, आणि विभागप्रमुखांच्या सहीचं, लेटरहेडवरचं पत्र घ्या. त्यात तुमचा विषय एका ओळीत लिहिलेला असू द्या. ‘एक चिकित्सक अभ्यास’ लिहिलंत तर खिडकीवरचा माणूस विचारेल, नेमकं काय काढून देऊ?